दहावा भूतकाळ

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. ह्यांनासुद्धा नाही — आणि ह्यांना मी दाढ ठणकली तरी आधी सांगते, मग लवंग शोधते. सहा वर्षं झाली. तोंडापर्यंत कधी आलंच नाही असं म्हटलं तर ते आणखी एक खोटं होईल. दोन-तीनदा आलं. चहाच्या घोटाबरोबर परत खाली गेलं. मग आत्ताच का? मागच्या महिन्यात एक गोष्ट घडली म्हणून असेल. ती शेवटी सांगते. आधी सांगितली तर तुम्हाला काही कळायचं नाही.

मी फ्रेंच शिकवते. हसा, सगळेच हसतात. काचीगुड्यातली मराठी बाई, घरात वरणभात, शेजार तेलुगू, भाजीवाल्याशी दखनी — आणि शिकवते काय, तर फ्रेंच. प्रेमबिम काही नव्हतं हो त्यात. आमच्याकडे इंटरला, म्हणजे अकरावी-बारावीला, दुसरी भाषा घ्यावी लागते. तेलुगू मला लिहिता येत नव्हती, संस्कृतचा वर्ग भरलेला होता, आणि फ्रेंचला मार्क भरपूर पडतात असं शेजारच्या अक्कानं सांगितलं. घेतली. मार्क पडत गेले म्हणून मी पुढे जात गेले. एम. ए. झाले, नारायणगुड्यातल्या एका कॉलेजात बावीस वर्षं शिकवलं. फ्रान्स पाहिलेला नाही. विमानात एकदाच बसले, तेही तिरुपतीला जाताना.

कॉलेज सोडल्यावर घराच्या पुढच्या खोलीत वर्ग सुरू केला. फळा, बारा खुर्च्या, एक कुरकुरणारा पंखा. स्टेशन इतकं जवळ आहे की वारा इकडचा असला तर गाड्यांच्या अनाउन्समेंट खोलीत ऐकू येतात. नवी मुलं आधी परेशान होतात, मग त्यांना सवय होते.

आणि मग ते कॅनडाचं वेड आलं. तुमच्याही नात्यात कुणीतरी असेलच. तिकडे कायमचं राहायचं तर गुण मोजतात — शिक्षणाचे, नोकरीचे, वयाचे. तिशी गाठली की दर वाढदिवसाला वयाचे गुण कमी होत जातात. आणि फ्रेंच येत असेल तर वर जास्तीचे गुण मिळतात. झालं. तिशी-पस्तिशीतली, पोराबाळांची माणसं माझ्या पुढच्या खोलीत येऊन बसायला लागली. सकाळी एक बॅच, संध्याकाळी एक, रविवारी एक.

ह्या लोकांना फ्रेंच नको असते, गुण हवे असतात. मी काय बोलणार? मलाही मार्कच हवे होते. तोंडी परीक्षेत समोर एक परीक्षक बसतो आणि हमखास विचारतो — तुमच्या आयुष्यात घडलेला एखादा प्रसंग सांगा. म्हणजे भूतकाळ. आणि तिथेच सगळ्यांची गाडी अडायची.

थोडं व्याकरण सांगते. मास्तरणीची खोड आहे, सहन करा. फ्रेंचमध्ये घडून गेलेली गोष्ट सांगताना क्रियापद एकटं चालत नाही, त्याला सोबत लागते. बहुतेकांना 'जवळ असणं' ह्या क्रियापदाची सोबत चालते — खाल्लं, पाहिलं, विकत घेतलं. पण काही थोडी क्रियापदं आहेत, त्यांना नुसतं 'असणं' लागतं. येणं, जाणं, चढणं, उतरणं, निघणं, पोचणं, राहणं, परतणं, जन्मणं, मरणं. ह्यांचा शेवट करणाऱ्याप्रमाणे बदलतो — बाई असली तर वेगळा. तेलुगू मुलं इथे रडकुंडीला येतात, कारण त्यांच्याकडे सगळीच क्रियापदं करणाऱ्याच्या मागे जातात. आपल्याला मात्र काही वाटत नाही. आपण 'ती गेली' म्हणतो आणि 'तिनं आंबा खाल्ला' म्हणताना आंब्याकडे बघतो, तेही न शिकता. शिवाय आणखी एक भूतकाळ असतो, मागे जे चालूच होतं त्याचा — ऊन होतं, गर्दी होती, भूक लागली होती. हे दोन्ही एका गोष्टीत नीट आले की परीक्षक खूश.

शिकवून कुणाला येईना. वेळ कुणाकडे होता? मग मी तयार करून द्यायला लागले. तयार भूतकाळ. एकेका पानाचा प्रसंग, खाली इंग्रजीत अर्थ, पाठ करायचा आणि म्हणून टाकायचा. पोरं त्याला 'मॅडमके पास्ट' म्हणायची. असे नऊ होते. गोवळकोंड्याची सहल. बसमध्ये हरवलेला फोन. चुलतबहिणीचं लग्न, ज्यात वरात दारात आली आणि लाइट गेले. ती चुलतबहीण माझी नाही, कुणाचीच नाही, पण तिच्या लग्नाची गोष्ट सांगून निदान वीस घरं तिकडे बर्फात राहायला गेली आहेत. तपशील आपापले बदला, असं मी प्रत्येकाला बजावायचे. कुणी एक शब्द बदलत नव्हतं.

बहुतेक चांगले होते, पण एक उणीव होती. चढणं-उतरणंवाल्या त्या क्रियापदांचा चांगला प्रसंग माझ्याकडे नव्हता. होता तो फारच पांचट — मी प्राणिसंग्रहालयात गेले, मी आत शिरले, मी बाहेर आले. वाचताना वाटायचं पिंजऱ्यातून मीच सुटले आहे. दुसरा काही सुचत नव्हता. मला सुचत नाहीच मुळी. मी मार्कांची बाई.

वर्षा संध्याकाळच्या बॅचला होती. हे तिचं खरं नाव नाही. खरं लिहीत नाही, तेवढं तरी तिचं तिच्याकडे राहू दे. अंबरपेठेतली. आजोबांची परभणीकडे शेती होती, वडिलांनी ती सोडून इकडे मोटार वाइंडिंगचं दुकान टाकलं. वर्षा एका दवाखान्यात लॅब टेक्निशियन होती, ड्यूटी संपवून थेट वर्गात यायची. हातांना स्पिरिटचा वास. नवरा तीन वर्षांपासून कॅनडात, त्याचं परमिट पुढच्या वर्षी संपत होतं. मुलगी तीन वर्षांची. ती पोटात असताना तो गेला होता, त्यामुळे ती बापाला फक्त फोनवर ओळखायची. अर्ज वर्षाच्या नावावर होता, तिचं शिक्षण जास्त म्हणून. सगळे गुण धरूनही थोडे कमी पडत होते. फ्रेंच नीट झाली असती तर तिघं एका घरात राहिली असती. वाढदिवस चार महिन्यांवर आला होता. एवढं सगळं तिच्या त्या तोंडी परीक्षेवर होतं, आणि ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

बॅचमध्ये मराठी ती एकटीच. वर्ग सुटला की मागे थांबायची, फळा पुसायची, कधी अंबरपेठेच्या बाजारातल्या शेवग्याच्या शेंगा आणून द्यायची. मला आवडायची ती. खरंच आवडायची. हे मी स्वतःला चांगलं दाखवायला सांगत नाही — उलट आहे.

परीक्षेच्या आधी मी प्रत्येकाला दहा-दहा मिनिटं आत घेते. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी, समोरासमोर. मी परीक्षक होते, ते उमेदवार. त्या दिवशी मी वर्षाला विचारलं, एखाद्या प्रवासाबद्दल सांगा. मला वाटलं गोवळकोंडा येणार. टेबलावरची मिठाची बरणी बाजूला सारून ती फ्रेंचमध्ये बोलायला लागली. हल्लू-हल्लू, एकेक वाक्य.

आम्ही परभणीहून निघालो. मी अकरा वर्षांची होते. गुड्डी सात वर्षांची होती. ऊन होतं. बाबा झोपले होते. तहान मला लागली होती. एका लहान स्टेशनावर गाडी थांबली. मी गुड्डीला वॉटरबॅग दिली. पिवळी वॉटरबॅग. ती उतरली. गाडी सुटली. ती चढली नाही. मी खिडकीत बसून राहिले. आम्ही काचीगुड्याला पोचलो. ती परत आली नाही.

एवढंच. एकही चूक नाही.

मी काय केलं विचारा ना. समोर बाई बसली आहे, तिचे हात टेबलाच्या कडेवर आहेत, आणि मी वहीत बघत होते. क्रियापदं मोजत होते. निघालो, उतरली, सुटली, चढली, राहिले, पोचलो, आली. सात. पंधरा वाक्यांत सात, सगळी माझ्या यादीतली. मी तिला म्हटलं, छान, परीक्षेत हीच सांग, खरी गोष्ट परीक्षकाला लगेच कळते. आणि मग ती मराठीत बोलली. म्हणाली, आमच्या घरी हे कुणाला माहीत नाही, मॅडम. बाबांना उठवायची भीती वाटली म्हणून पुढचं स्टेशन येईपर्यंत मी गप्प बसले. आणि मग सांगितलं की गुड्डी आपली आपण उतरली. आई अजून तसंच समजते. नवऱ्यालासुद्धा फक्त एवढंच ठाऊक आहे की एक बहीण होती, हरवली. पोलीस झाले, पेपरात फोटो झाला, दर्गे झाले, देव झाले. गुड्डी सापडली नाही. मराठीत हे कधी तोंडातून निघालं नसतं, म्हणाली. फ्रेंचमध्ये निघालं, कारण त्या भाषेत तिचं कुणीच नव्हतं.

मी तिला पाणी दिलं. पुढच्या मुलाला आत बोलावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते टाइप केलं. रागानं नाही, लोभानं नाही — काय म्हणू त्याला? काहीच वाटत नव्हतं. कुकरची शिट्टी झाली, उठून गॅस बंद केला, परत येऊन उरलेली वाक्यं टाइप केली. परभणीचं 'गाव' केलं, काचीगुड्याचं 'मोठं शहर', गुड्डीची मीना. पिवळी वॉटरबॅग ठेवली, कारण रंगाचं विशेषण नीट बसलं होतं. तहानेचं वाक्य ठेवलं, कारण तो दुसरा भूतकाळ होता, आणि दोन्ही एकत्र हवेत असं मीच शिकवत होते. वर शीर्षक दिलं, 'प्रसंग दहावा'. खाली इंग्रजीत अर्थ लिहिला. सकाळच्या आणि रविवारच्या ग्रुपवर पाठवून दिलं.

संध्याकाळच्या ग्रुपवर पाठवलं नाही. वर्षाच्या बॅचला मी नऊच दिले. बघा, इथेच थांबा जरा. मला कळत नव्हतं असं मला म्हणता येत नाही. कळत नसतं तर मी तीनही ग्रुपांवर पाठवलं असतं. मी बोट नेमकं दोन ठिकाणी दाबलं आणि तिसरं सोडलं.

पोरांना तो प्रसंग फार आवडला. रविवारच्या बॅचमधला एक जण म्हणाला, मॅडम, ये तो रुला देता. पाठ करायलाही सोपा होता, वाक्यं लहान, एकामागून एक येणारी. पंधरा दिवसांत दोन्ही बॅचेसना तोंडपाठ झाला. माझ्या पुढच्या खोलीत सकाळी सात जण एका सुरात म्हणायचे, ती उतरली, गाडी सुटली, ती चढली नाही. मी टेबलावर पेनानं ताल धरायचे.

मग परीक्षेच्या तारखा आल्या, आणि माझ्याकडच्या आठ जणांना एकाच आठवड्यातल्या मिळाल्या. वर्षालाही. अजूनही वेळ होता. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं की ती गोष्ट नको सांगूस, लग्नाची सांग. एक वाक्य. ती 'का' म्हणून विचारणार, हे मला माहीत होतं. आणि 'का'ला माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणजे होतं, तेच द्यायचं नव्हतं. रोज संध्याकाळी ती फळा पुसायची आणि मी तिच्या पाठीकडे बघत मनात म्हणायचे, उद्या सांगू. तिनं त्या गोष्टीचा सरावही परत केला नाही. म्हणाली, एकदाच सांगेन मॅडम, तिथेच, पुन्हा-पुन्हा सांगवत नाही. मी हो म्हटलं.

परीक्षा झाली त्या दिवशी ती पाच वाजता आली, वर्ग भरायच्या आधी. चपला काढल्या, पण खुर्चीत बसली नाही. सगळं तिनं उभ्यानंच सांगितलं. परीक्षक बाई बाहेरगावची होती, सुरुवातीला हसून बोलली. प्रवासाचा प्रसंग विचारला. वर्षानं सुरू केलं. परभणी, ऊन, बाबा, तहान. पिवळी वॉटरबॅग म्हटल्यावर त्या बाईनं हात वर केला. म्हणाली, ही गोष्ट ह्या आठवड्यात मी चौथ्यांदा ऐकते आहे, ही पिवळी बॅगसुद्धा. पाठ केलेलं नको, तुमचं स्वतःचं काहीतरी सांगा.

आणि वर्षाला दुसरं काही आठवलंच नाही. लग्न आठवलं नाही, गोवळकोंडा आठवला नाही. उरलेली मिनिटं ती गप्प बसून राहिली. त्या बाईनं दोनदा विचारलं, मग कागदावर काहीतरी लिहिलं.

हे सांगून झालं. आणि मग तिनं विचारलं.

"मॅडम, तुम्ही कुणाला सांगितली होती का?"

हा प्रश्न मी सहा वर्षं ऐकते आहे. आवाजात राग नव्हता. ती खरोखर विचारत होती, डबा राहिला का असं विचारावं तसं. माझा फोन तिथेच टेबलावर पडला होता, त्यात तो कागद होता. मला खरं बोलायला किती वेळ लागला असता? 'हो.' एक अक्षर.

"नाही गं," मी म्हटलं. "मी कशाला सांगू? गाडीतून पोर हरवल्याच्या गोष्टी काय कमी असतात? आणि तू पाठ केल्यासारखं घडाघडा म्हटलं असशील, म्हणून तिला तसं वाटलं."

ऐकलंत? नुसतं नाही म्हणून थांबले नाही. तिच्याच गळ्यात घातलं. ज्या पोरीनं ती गोष्ट आयुष्यात दोनदाच सांगितली, त्यातही दुसऱ्यांदा अर्धीच, तिला मी म्हटलं की तू घडाघडा म्हटलंस. ती खाली बघायला लागली. मग म्हणाली, सॉरी मॅडम, क्षणभर मला तुमचाच संशय आला, माफ करा. आणि खाली वाकून मला नमस्कार केला. मी तो करू दिला. पाठीवर हातही ठेवला.

तेवढ्यात मुलं यायला लागली. मी वर्ग घेतला.

त्याच संध्याकाळी त्या दोन ग्रुपांवर मेसेज टाकला — प्रसंग दहावा डिलीट करा, चुका आहेत. चूक एकही नव्हती. डिलीट कुणी केला नाही. आजकाल कोण काय डिलीट करतं?

पुढचं थोडक्यात सांगते. निकालात गुण कमी पडले. पुन्हा बसायला तारीख मिळेपर्यंत वाढदिवस उलटून गेला, मग आणखी गुण गेले. पुन्हा ती बसलीच नाही. नवऱ्याचं परमिट संपलं, तो परत आला. आता अंबरपेठेत भावाच्या टाइल्सच्या दुकानात बसतो. पहिले काही महिने मुलगी त्याच्याजवळ जायची नाही, तो हॉलमध्ये असला की फोन हातात घेऊन त्यात बाबा शोधायची. हे वर्षानंच मला हसत सांगितलं. आणि हेही सांगितलं, तेव्हा हसत नव्हती, की भांडण झालं की तो एकच गोष्ट काढतो. तुला स्वतःची एक साधी गोष्ट सांगता आली नाही? तीन वर्षं मी तिकडे राबलो, आणि तुला दहा मिनिटं बोलता आलं नाही? ती त्याला उत्तर देत नाही. द्यायचं तर कोणती गोष्ट होती ते सांगावं लागेल, ती का अडली ते सांगावं लागेल, आणि मग तहान कुणाला लागली होती तेही. म्हणून गप्प बसते. एकदा ती खिडकीत गप्प बसली, मग त्या परीक्षेत, आणि आता घरात. ह्यातलं पहिलं तिचं आहे. उरलेली दोन माझी आहेत.

तुम्ही म्हणाल, रडलीस का? नाही. मला रडू येत नाही ह्याचं. जेवण जातं, झोप लागते, रक्तदाब ठीक आहे. स्टेशनावरची अनाउन्समेंट ऐकू आली की फक्त हातातलं काम थांबतं, आणि मग पुन्हा सुरू होतं. मला वाटायचं पाप केलं की माणसाला आत काहीतरी जाळत असेल. तसं काही नाही हो. दाढेचं इंजेक्शन दिल्यावर गाल जसा आपला वाटत नाही, तसं आहे. मला लाज वाटते, हे खरं आहे. पण तीही वाटायला हवी हे मला माहीत आहे म्हणून वाटते.

वर्षा दर दिवाळीला येते. अनारसे करून आणते, स्टीलच्या डब्यात, वर पिशवी. पंधरा मिनिटं बसते. कधी काही बोलायचं नसलं तरी येते. दोन वर्षांपूर्वी उठताना दारात थांबून म्हणाली, "मॅडम, गुड्डीचं तुम्हाला एकट्यांनाच माहीत आहे. म्हणून तुमच्याकडे आलं की बरं वाटतं." मी म्हटलं, येत जा.

मला एकटीला. ते पान नारायणगुड्याच्या झेरॉक्सच्या दुकानात मी स्वतः पाहिलं आहे, स्पायरल बाइंडिंगच्या गठ्ठ्यात. दुसरे क्लासवालेही वापरतात असं ऐकते. तिच्या आईला माहीत नाही, नवऱ्याला माहीत नाही, आणि सगळ्या शहराच्या तोंडात आहे.

आता ती मागच्या महिन्यातली गोष्ट. एक नवीन मुलगी आली, सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करते, थोडीफार फ्रेंच दुसरीकडे शिकून आलेली. किती येतं बघायला मी तिला म्हटलं, घडून गेलेला एखादा प्रसंग लिही. ती वीस मिनिटं खाली मान घालून लिहीत होती. वही हातात घेतली. गाडीची बस झाली होती. बहिणीची मामेबहीण झाली होती. वॉटरबॅग निळी होती. आणि पाचव्या ओळीत, जसंच्या तसं, एक अक्षर न हलता — तहान मला लागली होती.

मी विचारलं, हे कुठून घेतलं? ती जरा ओशाळली. म्हणाली, फ्रेंडने दिया मॅडम, सब लोग यहीच बोलते. त्या मामेबहिणीचं पुढे काय झालं हे तिला माहीत नव्हतं, कारण ते पानात नाही. तिला मी तेव्हा सांगू शकले असते की हे लिहू नकोस, हे एका बाईचं आहे. तिथे वर्षा नव्हती, तिचा नवरा नव्हता, मला कुणाची भीती नव्हती. खोलीत आम्ही दोघीच होतो.

'उतरली'च्या शेवटी तिचं एक अक्षर राहिलं होतं. बाईसाठी लावतात ते, बोलताना ऐकू येत नाही, फक्त लिहिताना दिसतं. मी लाल पेनानं ते लावलं, खाली 'छान' असा शेरा दिला आणि वही परत केली. ती आता रविवारच्या बॅचला येते.

दिवाळी पंधरा दिवसांवर आली आहे. वर्षा येईल. मी दार उघडीन, तिच्या मुलीची शाळा विचारीन, अनारसे काढून घेईन. आणि डबा रिकामा परत देऊ नये म्हणून दरवर्षीसारखी त्यात साखर घालीन.